पेयांचा खर्च किराण्यातून वेगळा काढा

मराठवाड्यात मार्चपासूनच घशाला कोरड पडते. मग पाण्याचा जार, पाहुण्यांसाठी थंड बाटली, चहा, रसवंती असा पैसा सुटा सुटा जातो आणि किराण्याच्या हिशेबात दिसतच नाही. एक महिना कॅलेंडरच्या मागे फक्त पिण्याचा खर्च लिहा.

चहापासून सुरुवात करा. पाच माणसं, दिवसाला दोन कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे महिन्याला जवळपास तीन किलो. एक चमचा कमी केला की दीड किलो वाचली, आणि चव आठवड्यात अंगवळणी पडते.

गॅसच्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, तो तुमच्याच खिशातून जातो. दोन लिटरच्या कोलाच्या बाटलीत साखर दोनशे ग्रॅमच्या वर! लेकरांसाठी हे मला पैशापेक्षा जास्त खटकतं. त्याऐवजी कैऱ्या उकडून गर गुळात घोटून फ्रीजमध्ये ठेवा. पाहुणे आले की दोन चमचे गर, माठाचं पाणी, चिमूटभर मीठ. पाव किलो दह्यात लिटरभर ताक होतं. जालन्याची मोसंबी हंगामात स्वस्त असते, तेव्हा किलोवर घ्या आणि रस घरीच काढा.