उन्हाळ्यात लॉनवर चट्टे? फवारणीआधी या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये लॉनवर पिवळा चट्टा दिसला की लोक आधी बुरशीनाशक आणतात. ही घाई सगळ्यात महाग पडते. पुणे, नाशिक, नागपूरच्या कोरड्या उन्हात बहुतेक चट्टे तहानेचे असतात. तहानलेलं गवत आधी निळसर-करडं होतं, पाती मिटतात, पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात. लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. हिरव्या भागात चार-पाच इंच सहज गेला आणि चट्ट्यात अडला, तर तिथे पाणी मुरतच नाही.

सोसायट्यांच्या लॉनवर पुढचा प्रकार दर उन्हाळ्यात घडतो. दोन स्प्रिंकलरच्या मधली जागा सुकते. माळी फवारणी करतो, फरक पडत नाही, मग डोस दुप्पट होतो. सोबत रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी सुरू होतं. पाती रात्रभर ओली राहतात आणि वळवाच्या सुमारास खरोखरची बुरशी येते! खरं तर स्प्रिंकलरखाली चार-सहा रिकामे डबे ठेवले असते, तर अर्ध्या तासात दोष सापडला असता. सगळ्या डब्यांत पाणी साधारण सारखं हवं. पाणी पहाटेच द्या, आठवड्यात दोन-तीनदाच, पण खोलवर.

बुरशी ओळखायची ती पात्यावरून, लांबून दिसणाऱ्या रंगावरून नाही. सकाळी दव असताना चट्ट्याच्या कडेची पाती उपटा, मधली मेलेली काही सांगत नाहीत. नाण्याएवढे फिकट ठिपके, पात्यावर आडवा पांढुरका डाग, त्याला तांबूस कड आणि दवात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, म्हणजे डॉलर स्पॉट. हा उपाशी, म्हणजे नत्र कमी पडलेल्या गवतावर येतो. १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया समान पसरून लगेच भरपूर पाणी द्या. बऱ्याचदा तेवढ्यानं गवत सावरतं. मूठमूठ युरिया फेकणाऱ्यांना मात्र पुढच्या आठवड्यात जळके पट्टे मिळतात.

बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. गवत तेलकट, काळपट, सकाळी कापसासारखी बुरशी: पिथियम. यावर कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही, मेटॅलॅक्झिलयुक्त औषध लागतं.

सगळ्या लॉनवर फक्त टोकं पांढरी, फाटकी? मोअरचं पातं बोथट आहे. टोकं जळकी आणि मातीवर पांढरा थर? टँकरचं किंवा बोअरचं पाणी तपासा, ते खारं असणार.

मधोमध वाळलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं दिसलं तर ती कुत्र्याची लघवी. तिथे बादलीभर पाणी ओता.