विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय घडामोडीविषयक नियतकालिकात सहभागी होताना

विद्यार्थी चालवत असलेल्या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या नियतकालिकात प्रवेश मिळवण्याचा खात्रीचा मार्ग बहुधा लेखनाचा नसून संदर्भतपासणीचा असतो, कारण लेखक पुष्कळ मिळतात, पण प्रत्येक तळटीप मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहणारे (काम कंटाळवाणे आहे, हे खरेच) थोडेच असतात. लेखच द्यायचा असेल, तर आधी मागील दोन-तीन अंक वाचावेत आणि विषय नेमका ठेवावा. ‘दक्षिण चीन समुद्रातील तणाव’ असा ऐसपैस विषय घेण्यापेक्षा, १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या आधारे लवादाने २०१६ मध्ये दिलेला निवाडा चीनने कोणत्या युक्तिवादाने नाकारला, एवढाच प्रश्न हाताळावा. प्रस्तावाच्या पहिल्याच वाक्यात आपले प्रतिपादन मांडावे. एकच लेख एकाच वेळी दोन संपादकांकडे मात्र पाठवू नये.