ड्रायर गरम होत नाही? कंट्रोल बोर्ड मागवायच्या आधी या चुका टाळा

जून लागला की एकच तक्रार सुरू होते, कपड्यांचा ड्रायर फिरतोय पण गरम होत नाही, आणि मला फोन येईपर्यंत घरातल्या कुणीतरी व्हिडिओ बघून मागचं झाकण उघडलेलं असतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापलं की करंट तोडणारा फ्यूज, डायरेक्ट करणं, त्याला वगळून वायर जोडणं. हा फ्यूज एकदाच उडतो आणि तो उगाच उडत नाही, हवा अडली, हीटरजवळ उष्णता साठली की मगच उडतो. डोंबिवलीत एका काकांकडे फ्यूज सारखा जायचा म्हणून आधीच्या कारागिराने सरळ वायरचा तुकडा जोडून दिलेला. काका खूश, "आता मस्त चालतंय, फक्त जरा जळका वास येतो." जरा! मागे बघितलं तर मशीन भिंतीला इतकं चिकटवलेलं की हवेचा पाइप पार चपटा, हीटरच्या डब्यात कपड्यांचा भुसा जळून काळा झालेला आणि शेजारच्या वायरींचं प्लास्टिक हात लावला की तुटत होतं. काका वर मलाच म्हणतात, चालत होता की. अहो, पेटला नाही हे नशीब. मी फ्यूज बदलायच्या आधी पाइप, फिल्टर, फॅन साफ करतो, मग फ्यूज, आणि ज्याला तेवढा धीर नाही त्याने दोरीवर वाळत घालावेत.

दुसरी चूक मल्टिमीटरची. वायरी जोडलेल्या ठेवून हीटरचा रेझिस्टन्स (ओहम) मोजतात, दुसऱ्याच वाटेने बीप येतो आणि हीटर ओके म्हणून बोर्ड मागवतात. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, मग हीटरच्या वायरी काढून मोजा. २३० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर २६ ओहमच्या आसपास दाखवतो. मग मीटरचा एक प्रोब (तारेचं टोक) हीटरवरच ठेवून दुसरा मशीनच्या बॉडीला लावा, तिथे काहीच यायला नको. ड्रायर लावला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो त्या घरात मी हेच आधी बघतो.

अमेरिकन व्हिडिओ बघून इथलं मशीन उघडू नका. तिकडे साधारण मोटर १२० व्होल्टवर आणि हीटर २४० वर, त्यामुळे ब्रेकरच्या दोन पोलपैकी (लाइनपैकी) एक गेला तरी ड्रम फिरतो आणि गरम होत नाही, न्यू जर्सीतल्या भाच्याला ब्रेकर बघायला सांगा, पण आपल्याकडे सगळंच २३० वर.

कपडे ओले असतानाच मशीन थांबतं? ड्रमच्या तोंडाशी दोन धातूच्या पट्ट्या असतात, तो ओलाव्याचा सेन्सर. त्यावर सॉफ्टनरचा थर बसला की त्याला कपडे कोरडे वाटतात. फडक्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा, सँडपेपर नको.

टेंपरेचर सेन्सरवर हेअर ड्रायर मारा, ओहम खाली यायला हवेत, जागचे हलले नाहीत तर सेन्सर गेला.

मोटर नुसती घूं करते तर कपॅसिटरवर (मोटरला सुरू करणारा भाग) संशय घ्या, पण त्यात साठलेला चार्ज स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या काढायची हौस नको, मी जुना पिवळा बल्ब होल्डरसकट ठेवलाय, चार्ज उतरवायला त्याच्या वायरी कपॅसिटरला लावतो.

एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, थेट १६ अँपच्या सॉकेटला लावा.

कनेक्टर वायरीला धरून ओढू नका, आणि काढायच्या आधी फोटो काढा, "लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या पिशवीतून सुट्या वायरी घेऊन मशीन माझ्याकडे येतं आणि त्याचे मी जास्त पैसे घेतो.