पाचशे बारा एमबीचा संसार: रास्पबेरी पायवर स्वॅप कसा सांभाळावा

माझ्याकडचा रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, म्हणजे ५१२ एमबी रॅमचा एक छोटासा संगणक, घरच्या वायफायवरच्या जाहिराती अडवायचं काम वर्षभर निमूटपणे करत होता. एका रात्री त्याच्यावर पायथनचं एक पॅकेज बसवायला घेतलं. तयार बांधलेलं मिळालं नाही, म्हणून ते तिथेच मूळ कोडपासून कंपाइल व्हायला लागलं. जेवून परत आलो तर हिरवा दिवा वेड्यासारखा लुकलुकत होता, एसएसएचला (दुसऱ्या संगणकावरून जोडायच्या सोयीला) उत्तर नव्हतं आणि घरात कुणाच्याच फोनवर एकही पान उघडत नव्हतं. अर्धा तास वाट पाहिली आणि मग जे करू नये ते केलं. वायर उपटली. कार्डावरची फाइल सिस्टिम गेली.

सगळं नव्याने बसवताना स्वॅपकडे, म्हणजे रॅममध्ये न मावणारा माल कार्डावर ठेवायच्या जागेकडे, पहिल्यांदा नीट पाहिलं. तोवर माझीही समजूत हीच होती की स्वॅप म्हणजे फुकटची रॅम, जितकी जास्त तितकी बरी.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्वॅप म्हणजे माळा. रोज न लागणारी पातेली माळ्यावर गेली की ओटा मोकळा होतो, हे ठीकच. पण दर फोडणीला शिडी लावून माळ्यावर चढावं लागलं तर स्वयंपाक होणार कसा? माझ्या पायचं त्या रात्री तेच झालं होतं. प्रोसेसर रिकामा बसला होता आणि सगळा वेळ कार्डावर चढ-उतार करण्यात जात होता. पायचा माळा असतो मायक्रोएसडी कार्डावर. ते रॅमच्या मानाने फारच संथ, शिवाय त्यातल्या फ्लॅश मेमरीवर ठरावीक वेळाच लिहिता येतं. म्हणजे उगाच केलेली प्रत्येक चढ-उतार कार्डाचं आयुष्यही खाते.

एक सूचना आधीच देतो. पुढच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगची शंका आली तर पहिली दोन-तीन अक्षरं लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव बहुतेक वेळा आपोआप पूर्ण होतं.

पायरी १: आधी दुखणं ओळखा

फ्री -एच

या कमांडचा तक्ता पाहताना ‘फ्री’ या रकान्याकडे लक्ष देऊ नका. लिनक्स रिकामी रॅम फाइलींच्या कॅशसाठी वापरून टाकतं, त्यामुळे तो आकडा नेहमीच कमी दिसतो. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. झीरो २ डब्ल्यूवर ५१२ एमबी असली तरी एकूण आकडा चारशेच्या थोडाच वर दिसतो, कारण काही भाग ग्राफिक्ससाठी आणि कर्नलसाठी (लिनक्सच्या गाभ्यासाठी) आधीच राखलेला असतो.

खालच्या ओळीत स्वॅप ६०-७० एमबी वापरलेला दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. सुरू झाल्यापासून कुणी हात न लावलेली पानं (मेमरीचे छोटे तुकडे) तिथे पडून असतात, आणि पडून असलेल्या पातेल्यांचा त्रास काहीच नसतो. त्रास चढ-उताराचा. तो मोजायला:

व्हीएमस्टॅट १

दर सेकंदाला एक ओळ येत राहील. त्यात ‘एसआय’ म्हणजे स्वॅपमधून आत आलेलं आणि ‘एसओ’ म्हणजे बाहेर गेलेलं. दोन्ही रकान्यांत शून्यं असतील आणि अधूनमधून एखादाच आकडा उमटत असेल, तर तुमचा पाय धडधाकट आहे. दोन्हीकडे सतत शेकड्यांनी-हजारांनी आकडे येत असतील आणि ‘डब्ल्यूए’ (कार्डाची वाट पाहण्यात गेलेला वेळ) हा रकानाही फुगलेला असेल, तर स्वॅप वाढवून काही साधणार नाही. तिथे कामच कमी करावं लागेल. पहिली ओळ मात्र सोडून द्या, ती यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.

एखादा प्रोग्रॅम आपोआप गायब होत असेल तर कर्नलच्या नोंदी चाळा:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय ‘आउट ऑफ मेमरी’

तिथे ‘किल्ड प्रोसेस’ असं सापडलं तर मेमरी संपल्यावर कर्नलनेच एकाचा बळी दिला आहे. स्वॅप कमी पडतोय याचा याहून स्पष्ट पुरावा नाही.

पायरी २: सध्या काय आहे ते पाहा

स्वॅपऑन --शो

रास्पबेरी पाय ओएसच्या जुन्या आवृत्त्यांत, बुकवर्मपर्यंत (डेबियन १२), इथे ‘/व्हार/स्वॅप’ नावाची एक फाइल दिसते. ती सांभाळते ‘डीफिज-स्वॅपफाइल’ नावाची सेवा. (या नावाची सुरुवात डी, पी, एच, वाय, एस अशी होते. हे मी दर वेळी चुकतो.) डेबियन १३ वर, म्हणजे ट्रिक्सीवर, आधारलेल्या नव्या आवृत्तीत मात्र झेडरॅम सुरुवातीपासूनच चालू असतो. तुम्हाला ‘/डेव्ह/झेडरॅम०’ आधीच दिसत असेल तर तिसऱ्या पायरीतलं काही बसवू नका, दोन सेवा एकाच कामासाठी भांडत बसतील. थेट पुढे जा.

पायरी ३: झेडरॅम

माझ्या मते छोट्या पायवर सगळ्यात कामाची गोष्ट हीच, आणि स्वॅप फाइलचा आकार वाढवण्याच्या नादात बरेच जण नेमकी हीच विसरतात.

माळ्यावर चढण्याऐवजी ओट्यावरचेच डबे एकात एक घालून ठेवायचे, अशी ही युक्ती. झेडरॅम रॅमचाच एक तुकडा घेतो, त्याला स्वॅप म्हणून दाखवतो आणि तिथे येणारं प्रत्येक पान दाबून लहान करून ठेवतो. साधारण माहिती दाबली की निम्म्याच्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास बसते. म्हणजे ३०० एमबीचा पसारा १०० ते १५० एमबीत मावतो. दाबायला आणि उलगडायला प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण कार्डावर एक अक्षरही लिहिलं जात नाही. हा भाग २०१४ सालच्या ३.१४ आवृत्तीपासून लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आहे, तेव्हा प्रयोगाची धास्ती बाळगू नका.

सुडो एपीटी इन्स्टॉल झेडरॅम-टूल्स

सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/झेडरॅमस्वॅप

फाइलमध्ये दोन ओळी शोधा आणि त्यांच्या सुरुवातीचं हॅशचिन्ह काढा. एक ‘अल्गो’, म्हणजे दाबण्याची पद्धत. ‘एलझेड४’ वेगवान आहे, ‘झेडएसटीडी’ जास्त घट्ट दाबते पण प्रोसेसरला जास्त राबवते. झीरोवर मी एलझेड४ ठेवला आहे. पाय ४ किंवा ५ असेल तर झेडएसटीडी खुशाल घ्या. दुसरी ओळ ‘पर्सेंट’. मूळ आकडा ५० असतो, ५१२ एमबीच्या यंत्रावर मी तो १०० केला. हा आकडा न दाबलेल्या मालाचा असतो. १०० टाकले म्हणजे सगळी रॅम झेडरॅमने गिळली असं होत नाही, जितका माल आत जाईल तितकीच जागा लागते. मग:

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट झेडरॅमस्वॅप

आता पुन्हा ‘स्वॅपऑन --शो’ चालवा. दोन ओळी दिसतील. झेडरॅमपुढे प्राधान्य १०० आणि कार्डावरच्या फाइलपुढे उणे २ असेल. मोठा आकडा आधी वापरला जातो, म्हणजे डबे आधी एकात एक जातील आणि अगदीच जागा उरली नाही तर माळा.

पायरी ४: कार्डावरची फाइल

काही जण झेडरॅम आला की फाइल पार काढून टाकतात. मी तसं करत नाही. न दाबता येणारा माल आला, उदाहरणार्थ आधीच दाबलेले फोटो, की झेडरॅमची युक्ती चालत नाही आणि मागे काहीच नसेल तर कर्नल पुन्हा बळी शोधायला लागतो. मोठी फाइल ठेवली तरी ती न वापरली गेल्यास कार्ड झिजत नाही, फक्त जागा अडते.

बुकवर्म किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर:

सुडो डीफिज-स्वॅपफाइल स्वॅपऑफ

सुडो नॅनो /ईटीसी/डीफिज-स्वॅपफाइल

यात ‘कॉन्फ_स्वॅपसाइझ’ (हे मात्र मोठ्या अक्षरांत) या ओळीत आकडा एमबीमध्ये असतो. तो ५१२ करा. मग:

सुडो डीफिज-स्वॅपफाइल सेटअप

सुडो डीफिज-स्वॅपफाइल स्वॅपऑन

२०४८ पेक्षा मोठा आकडा टाकलात आणि फाइल मात्र तेवढी झाली नाही, तर चूक तुमची नाही. त्याच फाइलमध्ये ‘कॉन्फ_मॅक्सस्वॅप’ नावाची एक वेगळी मर्यादा असते, तीही वाढवावी लागते. पण ५१२ एमबीच्या यंत्राला दोन जीबीहून जास्त स्वॅप लागतोय असं वाटलं, तर आधी आपण त्याच्याकडून काय करून घेतोय ते पाहावं.

पहिल्या कमांडबद्दल एक सावधगिरी. ‘स्वॅपऑफ’ म्हणजे माळ्यावरचं सगळं सामान ओट्यावर परत आणणं. माळ्यावर ३०० एमबी असेल आणि ओट्यावर १०० एमबीच जागा असेल तर यंत्र तिथेच अडकेल. म्हणून आधी जड सेवा बंद करा, किंवा नुकतंच रीबूट करून मग हे काम घ्या.

पाय ४ किंवा ५ ला यूएसबीवर एसएसडी जोडलेली असेल तर फाइल तिकडेच ठेवावी, वेगही मिळतो आणि कार्डाची काळजीही मिटते. साधा पेन ड्राइव्ह मात्र यासाठी नको, तो बऱ्याचदा कार्डापेक्षाही लवकर दगावतो.

पायरी ५: स्वॅपिनेस

कर्नलने कितपत उत्सुकतेने पानं स्वॅपमध्ये ढकलायची, याचा हा आकडा. मुळात तो ६० असतो. तो सरसकट १० करा, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. स्वॅप फक्त कार्डावर असेल तर तो बरोबरच आहे. झेडरॅम असेल तर मात्र उलट, कारण तिथे ढकलणं स्वस्त असतं. कर्नलच्या ५.८ आवृत्तीपासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. माझ्याकडे १०० आहे.

सुडो नॅनो /ईटीसी/सिसीटीएल.डी/९८-स्वॅप.कॉन्फ

त्यात दोन ओळी:

व्हीएम.स्वॅपिनेस=१००

व्हीएम.पेज-क्लस्टर=०

दुसरी ओळ का? स्वॅपमधून एक पान मागितलं की कर्नल शेजारची पानंही उचलून आणतो, मुळात एका वेळी आठ. फिरत्या डिस्कवर ते शहाणपणाचं होतं, कारण डोकं तिथवर गेलंच आहे तर घेऊन यावं. झेडरॅममध्ये त्याचा अर्थ सात डबे विनाकारण उघडणं. शून्य केलं की एका वेळी एकच पान येतं. मग:

सुडो सिसीटीएल --सिस्टिम

पायरी ६: मुळात ओटा मोकळा करा

डेस्कटॉप नको असेल तर ‘लाइट’ आवृत्तीच घ्या. ५१२ एमबीवर क्रोमियम चालवायचा हट्ट कोणत्याही स्वॅपने पुरा होत नाही. प्रणाली ३२-बिट निवडा, प्रोग्रॅम थोडी कमी मेमरी खातात. शिवाय पायव्हील्स हा प्रकल्प पायथनची तयार बांधलेली पॅकेजेस ३२-बिट रास्पबेरी पाय ओएससाठी देतो, म्हणजे कंपाइल करायची वेळच बहुधा येत नाही. माझ्याकडे ६४-बिट होती. का, तर नवी ती चांगली असणारच, एवढ्याच विचाराने.

कंपाइल करावंच लागलं, तर झीरोच्या चारही कोअरना एकदम जुंपू नका. ‘मेक -जे४’ म्हणजे चार कंपायलर एकाच वेळी आणि प्रत्येकाला वेगळी मेमरी. ‘मेक -जे१’ सावकाश चालतो, पण पोहोचतो. शिवाय ‘डीएफ -एच’ करून ‘/टीएमपी’ समोर ‘टीएमपीएफएस’ दिसतंय का ते पाहा. डेबियन १३ मध्ये तो फोल्डर मुळातच रॅममध्ये असतो आणि पायथनची पॅकेजेस तिथेच बांधली जातात, म्हणजे कंपायलरही रॅममध्ये आणि त्याचा पसाराही रॅममध्ये. तेवढ्यापुरती ‘टीएमपीडीआयआर’ (मोठ्या अक्षरांत) ही सेटिंग होम फोल्डरमधल्या एखाद्या फोल्डरकडे वळवा. काम टीमक्सच्या आत सुरू करा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी ते चालू राहतं.

तेच पॅकेज मी मग याच झीरोवर पुन्हा बसवलं. स्वॅप फाइल तेवढ्यापुरती १०२४ केली, एकच कोअर दिला आणि झोपलो. सकाळी सात वाजताही ते चालूच होतं, व्हीएमस्टॅटमध्ये अधूनमधून दोन-तीनशेचे आकडे उमटत होते. नऊच्या सुमारास संपलं. मधल्या वेळात आईचा फोनवर पेपर वाचून झाला होता. मग फाइल पुन्हा ५१२ वर आणली.