जुनी फोर बाय फोर घेताना आधी चेसिस पाहावी
सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांची शेती आहे किंवा धडगाव-मोलगीकडे ज्यांचे नेहमी जाणे-येणे असते, त्यांना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या, गाडीची गरज पडतेच, आणि नवी परवडत नसल्याने बहुतेकांची नजर दीड-दोन लाख किलोमीटर चाललेल्या थार, जिप्सी किंवा बोलेरोवर जाते. अशी गाडी जरूर घ्यावी; मात्र मीटरवरच्या आकड्याआधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, पाहावी, असे माझे ठाम मत आहे. इंजिन चांगल्या मिस्त्रीकडून पुन्हा बांधून घेता येते, गिअरबॉक्स बदलता येतो, पण सडलेली चेसिस कितीही पट्ट्या मारल्या तरी पूर्वीसारखी होत नाही.

आपल्या काळ्या मातीचा चिखल चेसिसच्या कोपऱ्यांत आणि पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरभोवती, म्हणजे पाटे चेसिसला जोडणाऱ्या आधारांभोवती, घट्ट बसतो, वरून वाळलेला दिसला तरी आत ओल धरून ठेवतो आणि त्याखाली लोखंड गंजत राहते. म्हणून गाडी धुऊन ठेवू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगावे. गोणपाट अंथरून, टॉर्च घेऊन गाडीखाली झोपावे, स्क्रू ड्रायव्हरने मातीचे पोपडे काढावेत आणि त्याच्याच मुठीने ठोकत जावे; चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, गंजलेल्या जागी बद येतो. एकाच भागाला ताजा काळा रंग दिला असेल, तर तो खरवडून पाहण्याची परवानगी मागावी आणि ती मिळाली नाही तर व्यवहार सोडून द्यावा. माझ्या पहिल्या जीपच्या मागच्या हँगरजवळ अशाच रंगाखाली बोटभर भेग होती. ती मला तोरणमाळच्या घाटात पाटा सुटला तेव्हा दिसली, आणि त्या वेळी शेजारच्या सीटवर माझा मुलगा बसलेला होता.

इंजिनसाठी सकाळी लवकर जावे आणि बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करूनच गाडी सुरू करायला सांगावी, कारण आधीच गरम केलेले इंजिन बरेच दोष लपवते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण अलगद सैल करावे; तेथून वाफाऱ्यासारखा जोराचा दाब येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजून त्या कामाचा खर्च किमतीतून वजा करावा. त्यानंतर शक्यतो उन्हाळ्यातल्या दुपारी तासभर गाडी चालवावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा रेडिएटर आणि पंख्याची खरी परीक्षा होते.

फोर बाय फोरची चाचणी कोरड्या डांबरी रस्त्यावर घेऊ नये, कारण वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचा वेग वेगळा असतो आणि त्याचा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यावर, येतो. नांगरटीच्या कडेला न्यावी, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद) टाकून हळू चढवावी आणि गिअर निसटतो का, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) खटखटतात का, याकडे लक्ष द्यावे. मिस्त्रीला डिफरन्शियलचा, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या गिअरच्या डब्याचा, बोल्ट उघडायला लावावा. ऑइल दुधाळ असेल तर आत नाल्याचे पाणी शिरले आहे. मिस्त्री मात्र आपला असावा, विक्रेत्याने सुचवलेला नको.

कागदपत्रांत आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकाशी अंक-अंक जुळवावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, त्यामुळे चौदाव्या वर्षातली गाडी स्वस्त का मिळते, याचा विचार करावा. सेंधवा, बऱ्हाणपूर किंवा सुरतकडची, म्हणजे परराज्यातली, गाडी असेल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते आणि इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी, मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोर घ्याव्यात आणि गाडी नावावर होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवण्याचे लेखी ठरवूनच किल्ली घ्यावी.