एकाच खोलीत ३ ते ६ ची पोरं, कसं सांभाळायचं?
अंगणवाडीत वयानुसार वेगळे वर्ग नसतातच, त्यामुळे सगळ्यांना एकच काम देऊन बसवलं की छोटी रडतात आणि मोठी मारामारी करतात. म्हणून सामान एकच ठेवा, काम वेगवेगळं द्या. चिंचोके घ्या. तीन वर्षांचं पोरगं वाटीतनं वाटीत नुसतं ओतत बसेल, बसू द्या, हाताला वळण तिथंच लागतं. चार वर्षांच्याला त्यात मणी मिसळून द्या, वेगवेगळं काढायला सांगा. पाचच्या पुढच्याला पाच-पाचचे ढीग करायला लावा, मग दोन ढीग मिळून किती ते विचारा, पण उत्तर लगेच सांगायची घाई नको. (तोंडात-नाकात घालणारं कोणी असेल तर लक्ष ठेवा, नाहीतर त्याला मोठे दगडच द्या.)

मोठ्यांनी छोट्यांना शिकवावं हे खरंय, सांगताना त्यांचंही पक्कं होतं. पण रोज त्याच एका हुशार मुलीला छोटी बाई करून टाकू नका, तिलाही खेळायचं असतं ना!

गोष्ट मात्र सगळ्यांना एकत्रच. छोट्यांनी प्राण्यांचे आवाज काढायचे, मोठ्यांना मध्येच थांबून "आता पुढं काय होईल?" विचारायचं. घरी वारली, अहिराणी, जे बोलत असतील त्यात उत्तर आलं तरी चालतं.

महागडी खेळणी लागत नाहीत हो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ ला बोर्डीत बालवाडी सुरू केली तेव्हा आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच भर होता.