जेवणाचा फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरा

मुलाचं नाव अमेरिकेतल्या सरकारी एलिमेंटरी शाळेत घातलं की कागदांच्या गठ्ठ्यात ‘फ्री अँड रिड्यूस्ड प्राइस मील्स’चा, म्हणजे शाळेतल्या फुकट किंवा सवलतीच्या जेवणाचा फॉर्म येतो, आणि आपली माणसं हमखास तो बाजूला सारतात. ‘आपण काय गरीब आहोत का?’ नवऱ्याच्या पीएचडी स्टायपेंडवर तिघं राहतात, बायकोला एफ-२ वर (विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) नोकरी करता येत नाही, तरी हेच. आयटीवाल्यांचे पगार बहुधा मर्यादेबाहेर असतात, म्हणून त्यांचा सल्ला इथे घेऊ नका.

२०२५-२६ च्या शालेय वर्षासाठी तिघांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३४,६४५ डॉलरपर्यंत असेल तर जेवण फुकट, ४९,३०३ पर्यंत असेल तर सवलतीत. चौघांसाठी हेच आकडे ४१,७९५ आणि ५९,४७८. सवलतीत म्हणजे दुपारचं जेवण जास्तीत जास्त ४० सेंट, न्याहारी ३० सेंट. (अलास्का आणि हवाईची मर्यादा याहून जास्त.) आकडे दर १ जुलैला बदलतात.

कॅलिफोर्निया, मिनेसोटा, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा काही राज्यांत सगळ्याच मुलांना फुकट जेवण मिळतं. इतरत्रही काही शाळा तसं देतात. शाळेच्या ऑफिसात विचारा.

आता घोळ कुठे होतो ते. फॉर्मवर हातात येणारा पगार लिहायचा नाही, ग्रॉस लिहायचा. टॅक्स आणि इन्शुरन्स कापण्याआधीचा, पे-स्टबवर (पगाराच्या पावतीवर) असतो तो. भारतात पाठवलेले पैसे वजा होत नाहीत. उलट घरून दरमहा नियमित पैसे येत असतील तर ते उत्पन्नात धरावे लागतात. विद्यापीठाची फी (ट्यूशन) माफ असेल तर ती रक्कम मात्र धरायची नाही, ती हातात आलेलीच नसते.

आणि पगार किती दिवसांनी येतो त्याची खूण नीट करा. दर दोन आठवड्यांनी येणारा पगार वर्षात २६ वेळा येतो, महिन्यातून दोनदा येणारा २४ वेळा. १,६५० डॉलरचा चेक २६ वेळा म्हणजे ४२,९००, २४ वेळा म्हणजे ३९,६००. वरच्या आकड्यांनुसार चौघांच्या घराला पहिल्या हिशोबात सवलत, दुसऱ्यात फुकट. पे-स्टबवरच्या दोन तारखा पाहा: १५ आणि ३० असतील तर महिन्यातून दोनदा, बरोबर १४ दिवसांचं अंतर असेल तर दोन आठवड्यांनी. ऑक्टोबरात काही अर्ज पडताळणीसाठी काढतात, त्यात मर्यादेच्या अगदी जवळचे आधी. पत्र आलं की पे-स्टब पाठवा. उत्तर दिलं नाही तर सवलत बंद, मग उत्पन्न कितीही कमी असो.

एका घरात राहून खर्च वाटून घेणारे सगळे कुटुंबात मोजा, तान्ह्या बाळासकट. भारतातले आईवडील मोजायचे नाहीत. एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमधल्या (एकाच कारभाराखालच्या शाळांतल्या) तुमच्या सगळ्या मुलांचा मिळून एकच अर्ज. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे लागतात. नंबर नसेल तर ‘नाही’च्या चौकोनात खूण करा. तो मोकळा ठेवलात तर अर्ज अपुरा म्हणून परत येतो. व्हिसा कुठला हे कोणी विचारत नाही, या जेवणाला त्याची अटच नाही.

उशीर मात्र महाग पडतो. मंजुरीला शाळेचे दहा दिवस लागू शकतात, आणि त्याआधी खाल्लेल्या जेवणाचे पूर्ण पैसे तुमच्या खात्यावर चढतात. एकदा मंजूर झालं की वर्षभर चालतं, मध्ये पगार वाढला तरी. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. जुनी मंजुरी शाळेच्या पहिल्या ३० दिवसांपुरतीच. नोकरी गेली तर वर्षात केव्हाही अर्ज करता येतो.

कॅफेटेरियात मूल पिन दाबतं किंवा कार्ड दाखवतं. फुकट कोणाला ते इतर मुलांना कळता कामा नये, असा नियम आहे. पण घरून पोळीभाजीचा डबा नेऊन तिथलं नुसतं दूध उचललं, तर ते ‘जेवण’ धरत नाहीत आणि दुधाचे पैसे लागतात. शाकाहारी मुलाला ‘पेपरोनी’ (पिझ्झावरच्या मांसाच्या चकत्या) आणि ‘बीफ’ हे शब्द आधी शिकवा. मांसाच्या जागी चीज, दही, बीन्स, टोफू चालतात, पण ते रोज ठेवायलाच हवेत असं शाळेवर बंधन नाही. महिन्याचा मेन्यू फ्रिजवर लावा आणि नको त्या दिवशी डबा द्या.